कर्नल नायडू आणि अंगावर येणारा चेंडू

नागपुरात राहून सी. के. नायडूंविषयी लिहायचे म्हणजे गावातल्या देवळाची वाट गावकऱ्यांनाच सांगण्यासारखे आहे. तरीही हा लेख लिहायला एक कारण घडले. मैदानावर कोणी जायबंदी झाला आणि मारणाऱ्याला पंचांनी बाहेर काढले, की आपल्याकडे हमखास नायडूंचे नाव निघते. दात पडले तरी जो माणूस जागचा हलला नाही त्याच्या गावची ही पोरे, आणि एवढ्याशा धक्क्याने कळवळतात, असा एकूण सूर असतो. हे नाव योग्य जागी घेतले जाते की नाही, ते त्यांच्या चरित्राकडे पाहूनच ठरवावे असे मला वाटले.

कोट्टारी कनकैया नायडू यांचा जन्म 31 ऑक्टोबर 1895 रोजी नागपुरात झाला. घराणे तेलुगू भाषिक, सुखवस्तू आणि वकिलीत नाव कमावलेले. वडील केंब्रिजला शिकलेले; रणजितसिंहजी त्यांचे तिथले समकालीन. त्यामुळे क्रिकेट घरात आले ते पाहुणा म्हणून नव्हे, घरचेच म्हणून. शिक्षण नागपुरात झाले आणि हाडापेराने उंच, काटक असलेला हा मुलगा इथल्याच मैदानांवर तयार झाला. 1916 साली मुंबईच्या चौरंगी सामन्यांत हिंदू संघातर्फे युरोपियनांविरुद्ध ते प्रथम उतरले. संघाची दाणादाण उडालेली. पहिले तीन चेंडू त्यांनी नुसते अडवले आणि चौथा सीमेपार भिरकावला. पुढे 1923 मध्ये होळकर महाराजांनी त्यांना इंदूरला बोलावून आपल्या सैन्यात हुद्दा दिला. त्यांच्या नावामागचे कर्नल आले ते तिथून, आणि नागपूरचा हा हिरा इंदूरचा झाला. याची हळहळ अजून आपल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात ऐकू येते.

1926 च्या डिसेंबरात आर्थर गिलिगनच्या एम. सी. सी. संघाविरुद्ध मुंबई जिमखान्यावर त्यांनी केलेल्या 153 धावा आणि त्यांतले 11 षट्कार सर्वांना पाठ आहेत, म्हणून त्यावर जास्त रेंगाळत नाही. त्या खेळीनंतर भारताला कसोटी सामने खेळू द्यावेत या मागणीला जोर आला, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

माझा विषय मारलेल्या चेंडूंचा नसून लागलेल्या चेंडूंचा आहे. जून 1932 मध्ये लॉर्ड्सवर भारत पहिला कसोटी सामना खेळला, नायडू कर्णधार होते. क्षेत्ररक्षण करताना त्यांच्या हाताला जबर दुखापत झाली. तशाच हाताने ते फलंदाजीला आले आणि 40 धावा काढल्या. भारताच्या त्या डावातली ती सर्वांत मोठी धावसंख्या होती. हा त्यांचा स्वभावच होता. दुखणे हे ज्याचे त्याने गिळायचे, असे मानणाऱ्या पिढीतले ते होते.

त्याच वर्षाच्या अखेरीस डग्लस जार्डिनचा इंग्लंड संघ ऑस्ट्रेलियात गेला आणि क्रिकेटमध्ये बॉडीलाइन हा शब्द आला. लेग बाजूला क्षेत्ररक्षकांचे कडे उभारायचे आणि वेगवान चेंडू फलंदाजाच्या छातीवर, डोक्यावर आदळत राहायचे, ही ती युक्ती. 1933 च्या जानेवारीत अॅडलेडला लारवुडचा चेंडू वुडफुलच्या छातीवर बसला, आणि त्याच सामन्यात ओल्डफील्डच्या कवटीला तडा गेला. दोन देशांच्या सरकारांपर्यंत प्रकरण गेले. हा जार्डिन जन्माने मुंबईकर, ही एक गंमतच. 1933-34 च्या हिवाळ्यात तोच आपला संघ घेऊन जन्मभूमीत आला. लारवुड बरोबर नव्हता, पण क्लार्क आणि निकोल्स होते. समोर कर्णधार होते नायडू.

त्या मालिकेतल्या दोन जखमा मला महत्त्वाच्या वाटतात. कलकत्त्याच्या कसोटीत निकोल्सचा चेंडू दिलावर हुसेनच्या डोक्यावर बसला. तो तंबूत परतला, डोक्याला पट्टी बांधून पुन्हा आला आणि दोन्ही डावांत अर्धशतके काढली, 59 आणि 57. मद्रासच्या कसोटीत क्लार्कचा चेंडू नवमल जवमलच्या तोंडावर, डोळ्याच्या वर, आदळला. तो निवृत्त झाला आणि दुसऱ्या डावात त्याला फलंदाजीला येताच आले नाही. पहिल्याची गोष्ट आपण आवडीने सांगतो. दुसऱ्याचे नाव किती जणांना ठाऊक असेल? धैर्य दोघांनीही दाखवले होते. चेंडू कुठे लागला एवढाच फरक.

पंचांच्या हाती तेव्हा अशा गोलंदाजाला थांबवण्याचा स्पष्ट अधिकार नव्हता. तो पुढच्याच वर्षी, 1935 मध्ये, आला. फलंदाजाच्या शरीरावर सतत नेम धरणाऱ्या गोलंदाजाला आधी ताकीद द्यावी, मग त्याच्या कर्णधाराला कळवावे, आणि तरीही तो थांबला नाही तर त्या डावापुरते त्याचे गोलंदाजी करणे बंद करावे, अशी ती पायरी होती. मद्रासला जवमल जखमी झाला त्यानंतर जेमतेम वर्षाने ही सोय झाली.

आणि काढून टाकणे म्हणजे काय हे भारतीय क्रिकेटला ठाऊक नव्हते असेही नाही. 1936 च्या इंग्लंड दौऱ्यात लाला अमरनाथला बेशिस्तीबद्दल कसोटी सामने सुरू होण्याआधीच बोटीने मायदेशी पाठवण्यात आले. संतापाच्या भरात तोंड सुटले म्हणून खेळाडूला सातासमुद्रापलीकडून घरी धाडता येत होते. डोक्याचा नेम धरणाऱ्याला मात्र एक वर्ष आधीपर्यंत कोणी हात लावू शकत नव्हते. शिस्तीची ही उतरंड मला आजही बोचते. त्याच दौऱ्यात ओव्हलवर नायडूंना गबी अॅलनचा चेंडू अंगावर जोरात बसला. कळ सोसून ते उभे राहिले आणि 81 धावा काढल्या. तो त्यांचा शेवटचा कसोटी सामना. एकूण 7 कसोटी आणि 350 धावा. आकडा लहान आहे, पण पहिली कसोटी खेळायला मिळाली तेव्हा वयाची छत्तिशी उलटून गेली होती, हे विसरता येत नाही.

आता त्या दातांची गोष्ट. होळकर संघाची बांधणी नायडूंनी केली. मुश्ताक अली, सरवटे यांच्यासारखे खेळाडू त्यांच्या हाताखाली खेळले आणि त्या संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकला. 1951-52 च्या अंतिम सामन्यात मात्र मुंबईने होळकरला हरवले. त्या सामन्यात दत्तू फडकर या कोल्हापूरच्या वेगवान गोलंदाजाचा उसळता चेंडू नायडूंच्या तोंडावर बसला. वय 56. दोन दात पडले असे सांगतात. त्यांनी मदत नाकारली, दात बाजूला सारले आणि गोलंदाजाला वेग कमी करू नकोस असे बजावून पुढचा चेंडू खेळायला ते उभे राहिले, अशी ही कथा क्रिकेटच्या गप्पांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे.

हीच कथा गेल्या हंगामात आमच्या एका आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल सामन्यात मी पुन्हा ऐकली. चेंडू केव्हाच निघून गेलेला असताना समोरच्या बचावपटूने उडी घेऊन कोपर आमच्या गड्याच्या जबड्यावर मारले. पंचांनी लाल कार्ड दाखवले. आमचा गडी रक्त थुंकत बसलेला, आणि कडेला उभे असलेले एक गृहस्थ पंचांनाच भित्रा म्हणत होते. कर्नल नायडूंनी दात गिळले असते, असेही म्हणाले. (गिळले नव्हते, बाजूला सारले होते, पण असो.)

मला त्या दोन घटनांत साम्य दिसत नाही. फडकरांचा तो एक चेंडू होता आणि एक उसळता चेंडू टाकणे हा गुन्हा तेव्हाही नव्हता, आजही नाही. 1947 च्या नियमांतही घाबरवण्यासाठी सतत केलेला मारा तेवढा निषिद्ध ठरवला होता. नायडूंनी सोसले ते खेळाचा भाग असलेले दुखणे. कोपर मारणे हा खेळच नव्हे. अशा माणसाला बाहेर काढण्यासाठी फुटबॉलमध्ये 1970 च्या मेक्सिको विश्वचषकापासून कार्डे आली. ती सुचली केन अॅस्टन या इंग्रज पंचाला, रस्त्यावरचे सिग्नलचे दिवे पाहून. 1962 साली चिली आणि इटली यांच्या मारामारीवजा सामन्यात दोन इटालियनांना बाहेर काढणारा पंच तोच. अमेरिकेत कॉलेजांचा म्हणून जो अंगावर धावून जाण्याचा फुटबॉल आहे, त्यातसुद्धा डोक्याचा नेम धरून धडक देणाऱ्या खेळाडूला 2013 पासून सामन्यातून काढून टाकतात. 2013 च्या त्या नियमानुसार गुन्हा उत्तरार्धात घडला तर पुढच्या सामन्याचा पूर्वार्धही त्याला बाहेर बसून काढावा लागे. तो खेळ मुळात धडकेचा, तरी तिथे ही रेषा आखावी लागली.

क्रिकेटचा आजचा नियम मला विशेष आवडतो. चेंडू धोकादायक आहे का हे ठरवताना पंचांनी समोरच्या फलंदाजाचे कौशल्य लक्षात घ्यावे आणि त्याने अंगावर घातलेले संरक्षक साहित्य मात्र विचारात घेऊ नये, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे नायडूंना टाकलेला जो चेंडू चालला असता, तोच अकराव्या क्रमांकाच्या बिचाऱ्याला टाकलेला चालेलच असे नाही. एक ताकीद, आणि पुन्हा तसेच घडले तर त्या डावापुरता गोलंदाज बंद. 2017 पासून तर मारामारी करणाऱ्या क्रिकेटपटूला थेट मैदानाबाहेर काढण्याचा अधिकारही पंचांना मिळाला आहे.

नायडूंच्या हयातीतच या प्रश्नाने भारताला सर्वांत मोठा धक्का दिला. मार्च 1962 मध्ये बार्बाडोसला ग्रिफिथचा चेंडू कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर बसला. कवटी फुटली, शस्त्रक्रिया झाल्या, रक्त देणाऱ्यांत प्रतिस्पर्धी कर्णधार फ्रँक वॉरेलही होता. जीव वाचला, पण कसोटी कारकीर्द तिथेच संपली. वय होते 28.

त्या वेळी नायडू 66 वर्षांचे होते आणि त्यांची फलंदाजी अजून पुरती थांबलेली नव्हती. 1956-57 मध्ये, साठी उलटल्यावर, ते उत्तर प्रदेशातर्फे रणजी खेळले होते. 1956 सालीच त्यांना पद्मभूषण मिळाले होते. शेवटचा प्रथम श्रेणी सामना त्यांनी 1963-64 च्या हंगामात खेळला, तोही मदतनिधीसाठी, वयाच्या 68 व्या वर्षी आणि अर्थातच उघड्या डोक्याने. 14 नोव्हेंबर 1967 रोजी इंदूरला त्यांचे निधन झाले. फलंदाजाच्या डोक्यावर हेल्मेट दिसू लागायला त्यानंतर आणखी दहा वर्षे जावी लागली.