पेट्रोलमध्ये काय मिसळायचं? थॉमस मिजलीची गोष्ट

मागच्या पावसाळ्यात हिंदमाताच्या पाण्यातून बाइक ढकलत मी लालबागला घरी आणली. दुसऱ्या दिवशी ती सुरू झाली, दोन मिनिटं चालली आणि आचके देत बंद पडली. बाबांनी आयुष्यभर परळच्या गॅरेजमध्ये काम केलंय. त्यांनी टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून खिडकीत ठेवलं. थोड्या वेळानं बाटलीत दोन थर दिसायला लागले. मी मोबाइलवर पाणी घालवणारं अॅडिटिव्ह शोधत होतो, बाबांनी थांबवलं. एकदा थर सुटले की बाटलीभर औषधानं ते परत एकजीव होत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. नंतर वाचलं तर ते बरोबर निघालं.

पेट्रोलमध्ये काय आणि का मिसळतात, हे शोधताना एक नाव सारखं समोर येत राहिलं: थॉमस मिजली. तोही आपल्यासारखा इंजिनिअरच. म्हणून त्याची गोष्ट सांगतो.

आयोडीनचा बग

मिजलीचा जन्म 1889 चा, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाचा. 1911 मध्ये तो कॉर्नेल विद्यापीठातून मेकॅनिकल इंजिनिअर झाला. 1916 मध्ये चार्ल्स केटरिंगच्या डेटन इथल्या प्रयोगशाळेत लागला. तिथे त्याच्या गळ्यात पडला तो नॉकिंगचा प्रश्न. इंजिनात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण ठरलेल्या क्रमानं जळायला हवं. त्यातला काही भाग आपोआप पेटला की इंजिन खटखट वाजतं, ताकद जाते आणि पिस्टन खराब होतो.

गडद रंगाचं इंधन उष्णता लवकर शोषेल आणि नॉकिंग थांबेल, अशी कल्पना होती. तेलात विरघळणारा रंग हाताशी नव्हता, म्हणून मिजलीनं आयोडीन टाकलं. नॉकिंग कमी झालं! मग त्यानं दुसरे रंग टाकून पाहिले, तर शून्य परिणाम. रंग नसलेलं आयोडीनचं संयुग टाकलं, ते चाललं. म्हणजे तर्क साफ चुकीचा होता, पण आउटपुट बरोबर आलं होतं. कोड लिहिणाऱ्या प्रत्येकाला हा अनुभव येतो. फरक इतकाच की मिजली तिथे थांबला नाही, कारण शोधत राहिला.

आयोडीन महाग होतं आणि इंजिन गंजवायचं. मग अॅनिलीन झालं, सेलेनियम झालं, टेल्युरियम झालं. टेल्युरियमनं तर अंगाला लसणासारखा वास मारायचा. शेवटी मूलद्रव्यांच्या तक्त्यावर बोट ठेवत तो शिशापर्यंत पोचला. 9 डिसेंबर 1921 ला टेट्राइथाइल लेड इंजिनात टाकलं आणि खटखट बंद झाली. एका गॅलनला जेमतेम 3 घन सेंटिमीटर पुरायचं.

इथेनॉल तेव्हाही होतं

इथेनॉलनंही नॉकिंग थांबतं, हे मिजलीला पक्कं माहीत होतं. अल्कोहोल मिसळलेल्या इंधनाच्या पेटंटसाठी त्यानं 1920 मध्ये अर्ज केला होता. 1921 च्या ऑक्टोबरमध्ये तर 30 टक्के अल्कोहोलच्या इंधनावर गाडी चालवून त्यानं इंजिनिअरांना दाखवलं होतं.

मग लेड का निवडलं? अल्कोहोल खूप लागायचं, तेवढं मिळेल का ही शंका होती. पाणी शिरलं की मिश्रण फुटण्याची अडचण होतीच. पण मोठं कारण पैशाचं. अल्कोहोल कुणीही गाळू शकतं, त्यावर मालकी सांगणं अवघड. लेडच्या चमचाभर अॅडिटिव्हवर मात्र प्रत्येक गॅलनमागे कमाई होती. फेब्रुवारी 1923 मध्ये डेटनच्या पंपावर पहिलं लेडवालं पेट्रोल विकलं गेलं. शिशाचा थर इंजिनात साचायचा, त्यासाठी ब्रोमिनचं आणखी एक अॅडिटिव्ह घालावं लागलं. एका पॅचवर दुसरा पॅच.

शिसं विषारी आहे, हे तेव्हा गुपित नव्हतं. 1923 च्या सुरुवातीला खुद्द मिजलीला शिशाची बाधा झाली आणि तो विश्रांतीसाठी मायामीला गेला. ऑक्टोबर 1924 मध्ये न्यू जर्सीच्या बेवे रिफायनरीत लेड बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. त्यानंतर मिजलीनं पत्रकारांसमोर ते रसायन हातावर ओतलं आणि मिनिटभर हुंगून दाखवलं. काही होत नाही, हे पटवायचं होतं. ज्याला स्वतःला बाधा झाली होती, तोच हे करत होता! इथे मला हा माणूस आवडेनासा होतो. मे 1925 मध्ये विक्री थांबली, 1926 मध्ये चौकशी समितीला बंदीसाठी पुरेसं कारण दिसलं नाही आणि ती पुन्हा सुरू झाली.

पुढे फ्रीजसाठी त्यानं फ्रिऑन वायू शोधला. त्याच जातीच्या वायूंनी ओझोनचा थर विरला, हे त्याच्या मृत्यूनंतर कळलं. 1940 मध्ये त्याला पोलिओ झाला. पलंगावरून उठता यावं म्हणून त्यानं दोऱ्या आणि कप्प्यांचं यंत्र बनवलं. 2 नोव्हेंबर 1944 ला त्याच दोऱ्यांत गळा आवळून तो गेला. नोंद आत्महत्येची झाली.

बाटलीतले दोन थर

आपल्याकडे मुंबईसह चार महानगरांत 1995 पासून लेडशिवायचं पेट्रोल मिळायला लागलं आणि फेब्रुवारी 2000 पासून देशभर लेड बंद झालं. आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं. म्हणजे मिजलीनं बाजूला ठेवलेला पर्याय शंभर वर्षांनी परत आलाय, आणि त्याची जुनी अडचणही.

इथेनॉलला पाणी आवडतं. 10 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये साधारण अर्धा टक्का पाणी मुरतं, 20 टक्क्यांत त्याहून थोडं जास्त. मर्यादा ओलांडली की इथेनॉल पाण्याचा हात धरून तळाशी बसतं. इंजिन बहुतेक तळातूनच ओढतं, म्हणून गाडी बंद. वर उरलेल्या पेट्रोलचं ऑक्टेनही घटलेलं असतं. अॅडिटिव्ह गंज रोखू शकतं, किंचित ओल सांभाळून घेऊ शकतं. थर सुटल्यावर मात्र टाकी रिकामी करून साफ करणं हाच उपाय. टाकी पाण्यात बुडाली असेल तर सेल्फ मारूच नका. झाकणाचं रबर पावसाआधी तपासा.

आमची टाकी धुताना मी बाबांना मिजलीच्या हात धुण्याबद्दल सांगितलं. ते काम करता करता थांबले. 2000 च्या आधी ते रोज तोंडानं नळी ओढून पेट्रोल काढायचे, पार्ट त्यातच धुवायचे आणि संध्याकाळी हातसुद्धा. त्यात शिसं आहे, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. शिसं हाडांत वर्षानुवर्षं राहतं. बाबांच्या हाडांत किती आहे, आम्ही कधी तपासलेलं नाही.