शंतनुराव किर्लोस्कर : स्वदेशी मोटार व कॉम्प्रेसरचे पुरस्कर्ते
मोठ्या चिलरचा कॉम्प्रेसर थेट सुरू केल्यास त्याची मोटार नेहमीच्या सुमारे सहापट वीजप्रवाह खेचते; स्टार-डेल्टा स्टार्टर हा प्रवाह एक-तृतीयांशावर आणतो. या यंत्रणेचे मुख्य घटक असलेली मोटार आणि कॉम्प्रेसर देशातच घडावेत, यासाठी झटलेल्या उद्योगपतींमध्ये शंतनुराव किर्लोस्कर अग्रणी होते. २८ मे १९०३ रोजी सोलापुरात जन्मलेले शंतनुराव अमेरिकेतील एमआयटीची अभियांत्रिकी पदवी घेऊन १९२६ मध्ये परतले व वडील लक्ष्मणराव यांच्या किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात रुजू झाले. नांगर आणि पंपांवर न थांबता किर्लोस्कर समूहाने १९४६ मध्ये बंगळुरूत विद्युत मोटारींची, तर १९५८ मध्ये पुण्यात कॉम्प्रेसरची कंपनी स्थापन केली. पद्मभूषण शंतनुराव २४ एप्रिल १९९४ रोजी निवर्तले.