पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाई (२३ एप्रिल, १८५८ – ५ एप्रिल, १९२२) ह्या संस्कृत विदुषी, समाजसुधारक, लेखिका आणि मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर करणाऱ्या अभ्यासक होत्या.

सुरुवातीचे जीवन
रमाबाईंचा जन्म सध्याच्या कर्नाटकातील गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी विरोध पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले होते. रमाबाईंचे शिक्षण आईकडे झाले. कुटुंब तीर्थक्षेत्री पुराणे वाचून निर्वाह करीत असे. त्यामुळे ग्रंथ आरंभापासून शेवटपर्यंत वाचण्याची सवय त्यांना बालपणीच लागली. दुष्काळात आईवडील वारल्यावर त्या बंधू श्रीनिवास यांच्यासह भारतभर हिंडल्या. १८७८ मध्ये कलकत्त्यात विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ ह्या पदव्या दिल्या. तेथे त्यांनी धर्मशास्त्राचे ग्रंथ अभ्यासले व त्यांतील स्त्रियांविषयीच्या वचनांनी त्या अस्वस्थ झाल्या. १८८० मध्ये त्यांनी बिपिन बिहारी दास मेधावी यांच्याशी विवाह केला. सिल्चर येथे घरातील पुस्तकांत लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत त्यांच्या हाती आली. १८८२ मध्ये पतीचे निधन झाल्यावर त्या कन्या मनोरमेसह पुण्यास आल्या व त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला.

इंग्लंडमधील वास्तव्य
१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी तेथील धर्मभगिनी करीत असलेले काम पाहून त्यांनी त्यामागील प्रेरणेची चौकशी केली. तेव्हा त्यांना योहानकृत शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवण्यात आली. ह्या कथेचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. २९ सप्टेंबर, १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

मात्र चर्चची सर्व मते त्यांनी मान्य केली नाहीत. त्रैक्यासारख्या सिद्धान्तांवरून सिस्टर जेराल्डिन व चेल्टनहॅम येथील महाविद्यालयाच्या प्रमुख डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार झाला. तेथील अनेक पंथ एकाच ग्रंथाचा आधार घेऊन परस्परविरोधी मते मांडतात, हे पाहून त्यांनी बायबल स्वतः वाचून निर्णय घेण्याचे ठरवले. शास्त्राचा अर्थ लावण्याचा स्त्रीचा अधिकार हा ह्या वादाचा गाभा होता. जो अधिकार त्यांनी स्वदेशात मागितला, तोच तेथेही सोडला नाही.

शारदा सदन व मुक्ती मिशन
११ मार्च, १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवा व मुलींसाठी शारदा सदन सुरू केले. पुढे ते पुण्यास हलवले. १८९३ मध्ये धर्मांतराच्या आरोपावरून वाद होऊन सल्लागार मंडळातील सुधारक दूर झाले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. त्यानंतरच्या दुष्काळांत निराधार झालेल्या शेकडो स्त्रियांना व मुलींना त्यांनी केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये आश्रय दिला.

बायबलचे भाषांतर
तत्कालीन मराठी बायबलची संस्कृतप्रचुर भाषा आश्रमातील अल्पशिक्षित स्त्रियांना कळत नाही, असे रमाबाईंना आढळले. तसेच हिंदू तत्त्वज्ञानातील शब्द वापरल्यास त्यांचा जुना अर्थ वाक्यासोबत येतो आणि मूळ वचनाचा संदर्भ बदलतो, असे त्यांचे मत होते. म्हणून त्यांनी हिब्रू व ग्रीक शिकून साध्या मराठीत नवे भाषांतर हाती घेतले. हिब्रूच्या अभ्यासासाठी त्यांनी मराठीतून व्याकरणही लिहिले. ग्रंथाची जुळणी व छपाई आश्रमातील स्त्रियांनीच केली. नवा करार आधी प्रसिद्ध झाला. मुळाशी शब्दशः निष्ठा राखल्याने हे भाषांतर काही ठिकाणी बोजड झाले आहे, अशी टीका होते. चर्चमध्ये त्याचा व्यापक प्रसार झाला नाही.

अखेर
१९२१ मध्ये मनोरमेचे निधन झाले. त्यानंतरही रमाबाई भाषांतराच्या कामात गुंतल्या होत्या. ५ एप्रिल, १९२२ रोजी केडगाव येथे त्यांचे निधन झाले. संपूर्ण बायबल त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.