लॉर्ड रॅले : आवाजाने ढवळण्याचे गणित

आकाश निळे का दिसते, या प्रश्नापाशी लॉर्ड रॅले हे नाव हमखास भेटते. त्यांचे दुसरे एक काम मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते.

जॉन विल्यम स्ट्रट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८४२ रोजी इंग्लंडमधील एसेक्स परगण्यात एका जमीनदार घराण्यात झाला. प्रकृती नाजूक, त्यामुळे शाळेत सारखा खंड पडे. तरीही १८६५ मध्ये केंब्रिजच्या गणित परीक्षेत ते पहिले आले. १८७२ मध्ये सांधेतापाने त्यांना गाठले. हवापालटासाठी ते पत्नीसह इजिप्तला गेले आणि नाईल नदीवरच्या होडीत त्यांनी ध्वनीवरील आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहायला घेतला. होडीत संदर्भाची पुस्तके ती कितीशी असणार! १८७७-७८ मध्ये त्याचे दोन खंड निघाले. वडिलांमागे १८७३ मध्ये ते लॉर्ड झाले होते. पण शेतीचा कारभार धाकट्या भावावर सोपवून ते टर्लिंगच्या घरातील प्रयोगशाळेत रमले.

कंप पावणाऱ्या पट्टीवरील हलकी भुकटी हवेच्या झोतांनी ठरावीक जागी गोळा होते, हे फॅरडे यांनी १८३१ मध्ये पाहिले होते. आवाजाने हवा नुसती पुढे-मागे हलते, मग ती वाहते कशी? पृष्ठभागालगतच्या घर्षणामुळे त्या हालचालीतूनच संथ भोवरे तयार होतात, हे रॅले यांनी १८८४ च्या निबंधात गणिताने दाखवले. १८८५ मध्ये त्यांनी घन पदार्थाच्या पृष्ठभागावरून धावणाऱ्या लहरींचे गणित मांडले. भूकंपात त्यांचा वाटा असावा, हा त्यांचा कयास खरा ठरला.

आता रक्ताचा थेंब तपासणाऱ्या चिपकडे पाहा. तिच्यातील वाहिन्या केसाएवढ्या अरुंद. तिथे दोन द्रव शेजारी शेजारी वाहतात, पण सहजी मिसळत नाहीत. जे प्रथिन शोधायचे ते अत्यल्प असेल, तर त्याचे बरेचसे रेणू संवेदकाला न शिवताच वाहून जातात. आजार असूनही चाचणी नाही म्हणू शकते. चमचा घालायला तर जागा नाही. म्हणून चिपच्या स्फटिकावर विजेच्या साहाय्याने रॅले लहरी उठवतात. द्रवात भोवरे उठतात, रेणू पुन्हा पुन्हा संवेदकाला भिडतात आणि क्षीण खूणही लवकर उमटते.

आरगॉन वायूच्या शोधाबद्दल रॅले यांना १९०४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ती रक्कम त्यांनी केंब्रिज विद्यापीठाला दिली. ३० जून १९१९ रोजी टर्लिंग येथेच त्यांचे निधन झाले.