ओढा का आटतो? गिब्सनसाहेबांना पडलेला प्रश्न

दोस्तांनो, आपला ओढा पावसाळ्यात लाल गढूळ वाहतो अन् होळीला कोरडाठाक पडतो. असं का, हा प्रश्न तुम्हाला कधी पडलाय? स्कॉटलंडहून आलेल्या एका डॉक्टरला तो पावणेदोनशे वर्षांपूर्वीच पडला होता.

अलेक्झांडर गिब्सन, जन्म १८००. पेशाने सर्जन, पण जीव झाडांत. १८३८ मध्ये ते दापोडीच्या सरकारी बागेचे प्रमुख झाले. आपल्या नारायणगावाजवळ हिवऱ्याच्या बागेत त्यांनी औषधी वनस्पती वाढवल्या. कोकण आणि सह्याद्री पायाखाली घालताना त्यांनी हेरलं, की डोंगर बोडका झाला की झरे आटतात आणि वाहून आलेल्या मातीने खाड्या उथळ होतात. हे त्यांनी सरकारला लेखी कळवलं. १८४७ मध्ये ते मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. जंगलतोडीला लगाम बसला. डोंगरात फिरती शेती करणाऱ्यांना मात्र ही बंधनं जाचली. १८६७ मध्ये गिब्सन गेले.

यंदा आहुपे, भीमाशंकरला गेलात, तर सेल्फीआधी एक करा. दाट झाडीतलं पाणी आणि उघड्या उतारावरून येणारं पाणी, दोन्ही ओंजळीत घेऊन बघा. उत्तर तुमच्याच हातात असेल.