ओइजा बोर्डाच्या कारखान्यावरूनच पडून त्याच्या 'जनका'चा मृत्यू कसा झाला?

पेण असो की रोहा, सुट्टीत भावंडं जमली की कधीतरी प्लँचेटचा विषय निघतोच. कागदावर अक्षरं, मध्ये वाटी किंवा नाणं आणि त्यावर बोटं. याचाच छापील अवतार म्हणजे ओइजा बोर्ड. तो घरोघरी पोहोचवला विल्यम फल्ड यांनी.

फल्ड यांचा जन्म 1870 मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये झाला. लोक त्यांना ओइजाचे जनक म्हणतात, पण 1891 चं पेटंट एलायजा बाँड यांच्या नावावर आहे. फल्ड आणि त्यांचे भाऊ आयझॅक यांना उत्पादनाचा परवाना मिळाला 1898 मध्ये.

तीनच वर्षांत विल्यम यांनी भावाला धंद्यातून बाहेर काढलं. आयझॅक यांनी तसाच दुसरा बोर्ड विकायला काढला आणि प्रकरण कोर्टात गेलं. 1919 मध्ये विल्यम जिंकले, पण नातं कायमचं तुटलं.

पहिलं महायुद्ध आणि फ्लूच्या साथीत घरोघरची माणसं गेली. त्यांच्याशी एकदा तरी बोलता यावं, या आशेने बोर्डाची मागणी वाढली. फल्ड यांनी मोठा कारखाना बांधला. तो बांधायला बोर्डानेच सांगितलं, असं ते म्हणत. आत्म्यांवर मात्र त्यांचा विश्वास नव्हता.

24 फेब्रुवारी 1927 रोजी त्याच कारखान्याच्या छतावर झेंड्याच्या खांबाचं काम सुरू असताना ते खाली कोसळले. त्यांचं वय होतं 56.

मग वाटी सरकते कशी? आपल्याच बोटांच्या नकळत होणाऱ्या हालचालींमुळे. ब्रिटिश डॉक्टर विल्यम कार्पेंटर यांनी 1852 मध्येच हे मांडलं होतं. सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, की 'आत्म्या'चं शुद्धलेखनही बिघडतं.