टाकळीच्या दगडांत शंख शोधणारे हिस्लॉप



जीवाश्म शिकवताना आपण हमखास कॅम्ब्रियन काळातल्या ट्रायलोबाइटचं चित्र दाखवतो. पन्नास कोटींहून जास्त वर्षांपूर्वीच्या समुद्रातला हा प्राणी. त्याचे दगड बघायचे तर हिमालयात, स्पीतीला जावं लागेल! आपल्या वालूरच्या चक्राकार बारवेत उतरलात तर चहूकडे काळा दगडच. तो लाव्हारसाचा, त्यात जीव कुठून टिकणार? मग मुलं विचारतात, सर, आपल्याकडे काहीच नाही का?

आहे. त्यासाठी स्टीफन हिस्लॉप यांची गोष्ट सांगा.

८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमध्ये जन्मलेले हिस्लॉप मिशनरी म्हणून १८४५ मध्ये नागपुरात आले. पुढच्याच वर्षी त्यांनी शाळा काढली. शिकवता शिकवता नाद लागला दगडांचा. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्याबरोबर ते नागपूरजवळच्या टाकळीला फिरत. तिथे लाव्हाच्या दोन थरांमध्ये गाळाचा एक पातळ थर त्यांना दिसला. त्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख, बिया, फळं, सगळं दगड झालेलं!

हे कसं घडलं? सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकदम आला नाही, टप्प्याटप्प्यानं आला. मधल्या शांत काळात तळी साचली, झाडं उगवली. तळ्यांत गाळ बसला, कुठे त्याचा चुनखडक झाला. मग पुन्हा लाव्हा आला आणि सगळं झाकून गेला. (आपल्या ओढ्याकाठी चुनखडीचे खडे मिळतात, ते मात्र फार नंतरचे. मुलं हमखास गोंधळतात.)

चंद्रपूरकडच्या पिसदुऱ्याची हाडंही हिस्लॉप यांनी अभ्यासली. गोंडांची भाषा आणि गाणी टिपून ठेवली. पुस्तक मात्र राहून गेलं.

४ सप्टेंबर १८६३. टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून ते संध्याकाळी घोड्यावरून एकटेच परतत होते. ओढ्याला पूर आलेला. घोडा मुक्कामी पोचला, पाठीवर कुणी नाही. शोधाशोध केली तेव्हा हिस्लॉप बुडालेले सापडले. चारच दिवसांनी त्यांना ४६ वर्षं पूर्ण झाली असती.

त्यांची गोंडांविषयीची टिपणं रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापली. आणि नागपुरातलं हिस्लॉप कॉलेज तर तुमच्यापैकी कित्येकांना माहीतच असेल, ते यांच्याच नावाचं.